आधी ओढा, मग नदी

रविवारी नदीकाठाने फिरायला निघायचं तर प्रवाहाच्या उलट दिशेने निघावं, असं माझं आता पक्कं मत झालं आहे. प्रवाहाबरोबर चाललं की नदी नुसती दिसत राहते. उलट चाललं की पाण्यात जे काही आलं आहे ते कुठून आलं, याचा माग लागत जातो. फेसाचा पट्टा दिसला तर जरा वर गेल्यावर त्याचं मूळ सापडतं. कडेचं पाणी एकाएकी गढूळ झालं तर वर कुणीतरी काठ उकरलेला असतो. नदीची निगा राखायची म्हणजे नेमकं काय करायचं, हा प्रश्न मला अशा चालण्यातूनच पडला आणि त्याचं बरंचसं उत्तरही चालतानाच हाती आलं.

आम्ही थोडी माणसं सुटीच्या दिवशी एकत्र निघतो. दोघं-तिघं नोकरी करणारे, काही शाळकरी मुलं, आणि एक काका. काकांचं उभं आयुष्य सांडपाण्याच्या वाहिन्यांच्या कामात गेलं. आम्ही पक्षी बघत असतो तेव्हा त्यांची नजर काठाला उघडणाऱ्या पाइपांच्या तोंडांवर असते.

आधी काठाबद्दल सांगते, कारण नदीचा बहुतेक जीव तिथेच असतो. पाणी संपलं आणि जमीन सुरू झाली अशी सरळ रेघ मोकळ्या नदीला नसतेच. मध्ये एक रुंद पट्टा असतो; कधी ओला, कधी कोरडा, पूर आला की पाण्याखाली. आमच्या वाटेवर या पट्ट्यात वाळुंजाची झाडं आहेत. त्यांची लालसर तंतुमुळं पाण्यात मोकळी सुटलेली असतात. तिथे गुडघे टेकून, आपली सावली पाण्यावर पडू न देता थोडा वेळ पाहिलं, तर त्या मुळांच्या जाळीत बोटाच्या पेराएवढी माशांची पिल्लं हलताना दिसतात. मोठा मासा त्या जाळीत शिरू शकत नाही. प्रवाहाचा जोर तिथवर पोचत नाही. वर सावली आहे. पिल्लांना आणखी काय हवं?

त्याच्या पुढच्या वळणावर काठ उभाच्या उभा ढासळलेला आहे. मातीची ती दरड बघून पहिल्यांदा आलेला कुणीही हळहळतो. पण वरच्या अंगाला एक गोल छिद्र आहे, मूठ जेमतेम जाईल एवढं. ते खंड्याचं बीळ. खंड्या असं बीळ उभ्या, मऊ मातीच्या काठातच कोरतो. ते हातभर आत जातं आणि किंचित चढतं असतं, म्हणजे पाणी आत साचत नाही. काठाला उतार असेल तर तिथून साप चढतो, मुंगूस पोचतं; उभ्या दरडीवर कुणी पोचत नाही. ही दरड उभी राहण्यासाठी नदीने ती दर पुरात थोडी थोडी कापावी लागते. म्हणजे ज्याला आपण पडझड म्हणतो, त्यावरच या पक्ष्याचा संसार चालतो.

ढासळलेला काठ दिसला की माणसाचा हात शिवशिवतो. दगड रचू, भिंत घालू, सगळं एका रेषेत आणू. खरं तर बाहेरच्या वळणावर काठ कापायचा आणि आतल्या वळणावर वाळू टाकायची, हे नदीचं नित्याचं काम आहे. अशाच कामातून डोह आणि खळाळ, म्हणजे खळखळत वाहणारे उथळ भाग, तयार होतात. मोकळ्या नदीत हे दोन्ही आलटून पालटून येतात, आणि एका खळाळापासून पुढच्या खळाळापर्यंतचं अंतर बहुतेक वेळा पात्राच्या रुंदीच्या पाच ते सात पट भरतं. हे कळल्यापासून मी चालताना पात्राची रुंदी डोळ्यांनी मापते आणि पुढचा खळाळ कुठे ऐकू यावा याचा अंदाज बांधते. अंदाज बरोबर आला की मन प्रसन्न होतं.

मग काँक्रीटची भिंत सुरू होते आणि हा हिशेब तुटतो. भिंतीपाशी पाणी सगळीकडे सारख्याच खोलीचं, सारख्याच वेगाचं. मुळं नाहीत, आडोसा नाही, सावली नाही. सावलीचा प्रश्न वाटतो त्याहून मोठा आहे. पाणी जितकं गार तितका त्यात प्राणवायू जास्त विरघळतो. २० अंश सेल्सिअसला एका लीटरमध्ये साधारण ९ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशाला साडेसातच्या आसपास. त्यातच उष्ण पाण्यात माशांची श्वासाची गरज वाढते. म्हणजे काठावरची झाडं तोडली तर माशांची गरज वाढते आणि पुरवठा आटतो, दोन्ही एकाच वेळी. शिवाय भिंत पाण्याचा जोर जिरवत नाही, पुढे ढकलते. आमची भिंत जिथे संपते त्याच्या लगेच खाली मातीचा काठ असा काही खचला आहे की तिथेही आता भिंत मागितली जात आहे.

झाडं आणि गवताचा पट्टा आणखी एक काम करतो, ते डोळ्यांना दिसत नाही. खताचं नायट्रेट जमिनीखालून झिरपत नदीकडे येतं. वाटेत ओली, कुजक्या पानांनी भरलेली, हवा कमी असलेली माती लागली की तिथले जीवाणू त्या नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात आणि उरलेला नायट्रोजन हवेत सोडून देतात. त्यासाठी यंत्र लागत नाही, वीज लागत नाही, कर्मचारी लागत नाही. फक्त तो पट्टा तिथे राहू द्यावा लागतो. नदीकाठ ‘साफ’ करण्याच्या मोहिमेत पहिला कोयता नेमका याच झाडोऱ्यावर चालतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

भिंतीच्या वरच्या अंगाला, उगमाकडे, एक उथळ खळाळ आहे. तिथे आम्ही हमखास थांबतो आणि दगड उलटतो. पाण्यात हात घालून एक चपटा दगड हळूच उचलायचा आणि लगेच त्याची खालची बाजू बघायची. सुरुवातीला नुसता चिकट तपकिरी थर दिसतो. मग त्यातला एक ठिपका सरकतो. अंग चपटं, पोटाच्या दोन्ही बाजूंना सारखे थरथरणारे कल्ले आणि मागे तीन लांब शेपट्या. ही मेफ्लायची अळी. शेजारी वाळूचे कण एकमेकांना चिकटवून केलेली, तांदळाच्या दाण्याएवढी एक नळी असते आणि तिच्या तोंडातून सहा पाय बाहेर येतात. ती कॅडिसफ्लायची अळी. तिने आपल्या रेशमाने ते घर बांधलेलं असतं. आमच्यातल्या एका मुलीने पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा श्वास रोखून विचारलं होतं, “ताई, हिने हे एकेक कण निवडून लावलेत?” हो, निवडून. मापात बसेल तोच कण घेते.

या किड्यांना प्राणवायू भरपूर लागतो. पाण्यात घाण वाढली की आधी ते जातात. उरतात त्या तळच्या गाळातल्या लाल अळ्या. त्यांच्या अंगात आपल्या रक्तासारखंच हिमोग्लोबिन असतं, म्हणून अगदी थोड्या प्राणवायूवरही त्या तग धरतात. त्यामुळे दगडाखाली कोण राहतं यावरून पाण्याची तब्येत कळते. जगात अनेक ठिकाणी नदीची तपासणी अशीच होते: किडे मोजायचे, कोण किती नाजूक त्याप्रमाणे गुण द्यायचे.

आणि ही तपासणी बाटलीत भरलेल्या नमुन्यापेक्षा एका बाबतीत सरस आहे. बाटली फक्त त्या क्षणाचं पाणी सांगते. सकाळी दहाला नमुना घेतला आणि घाण रात्री दोनला सोडली गेली, तर अहवाल चांगलाच येणार. मेफ्लायची अळी मात्र पाण्यात महिनोन् महिने राहते; पंख फुटल्यावर तिचं आयुष्य जेमतेम दिवसाचं. ती तिथे जिवंत आहे याचा अर्थ मधल्या सगळ्या रात्री पाणी तिला सोसेल असं होतं. बघून झालं की दगड होता तसाच, त्याच बाजूने परत ठेवायचा. मुलं आता हे मोठ्यांना बजावतात.

बाटलीच्या तपासणीचीही गोष्ट सांगण्याजोगी आहे. पाण्यातली सेंद्रिय घाण मोजण्यासाठी जी चाचणी सर्रास वापरतात ती बीओडी, म्हणजे जैवरासायनिक प्राणवायू मागणी. नमुना २० अंशांवर अंधारात पाच दिवस ठेवायचा आणि तेवढ्यात जीवाणूंनी किती प्राणवायू खाल्ला ते बघायचं. अंधार अशासाठी की उजेडात शेवाळ प्राणवायू तयार करेल आणि हिशेब चुकेल. स्वच्छ नदीत हा आकडा लीटरमागे दोन-तीन मिलिग्रॅमच्या आत असतो, घरगुती सांडपाण्यात दोनशेच्या पुढे जातो. चाचणीचा पाया ब्रिटनमध्ये १८९८ साली नेमलेल्या सांडपाणी आयोगाने घातला आणि १९१२ च्या अहवालातून तिचा प्रसार झाला. पाचच दिवस का? तिकडच्या नद्यांचं पाणी उगमापासून समुद्रापर्यंत जायला त्याहून जास्त वेळ लागत नाही म्हणून, असं सांगितलं जातं. आज ज्या नद्यांचं पाणी वाटेत कितीतरी आठवडे घालवतं, तिथेही तेच पाच दिवस धरले जातात.

थेम्सचं उदाहरण याच संदर्भात आठवतं. १९५७ साली लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाने तिचा शहरातला भाग जैविकदृष्ट्या मृत ठरवला होता. १९७४ मध्ये तिथे पुन्हा सॅमन मासा सापडला. मधल्या काळात जे झालं त्यातलं सर्वांत मोठं काम म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारी केंद्रं सुधारली गेली आणि नदीत पडणारी सेंद्रिय घाण कमी झाली. प्राणवायू परतला आणि मासे आपले आपण आले. कुणी त्यांच्यासाठी काठावर फरशा बसवल्या नव्हत्या.

खळाळाच्या पुढे काकांचा प्रांत सुरू होतो. तिथे काठात एक सिमेंटचा पाइप उघडतो. पावसाचं पाणी नदीत सोडण्यासाठी टाकलेला.

“पाऊस थांबून किती दिवस झाले गं?” काकांनी एकदा विचारलं.

“झाला की आठवडा, काका.”

“मग हा वाहतोय कशाचा?”

एवढ्या एका प्रश्नाने माझं नदीकाठचं चालणं बदलून गेलं. पावसाची वाहिनी कोरड्या दिवसांत वाहत असेल तर त्यात पावसाव्यतिरिक्त काहीतरी आहे, हे उघड आहे. कधी ते पिण्याच्या पाण्याची फुटलेली वाहिनी असते, कधी जमिनीतला झरा. पण पुष्कळदा एखाद्या इमारतीच्या न्हाणीघराचं किंवा कपडे धुण्याच्या यंत्राचं पाणी सांडपाण्याच्या वाहिनीऐवजी पावसाच्या वाहिनीला जोडलेलं असतं. ज्याच्या घरचं ते पाणी असतं त्याला याचा पत्ताही नसतो. मोरीतून पाणी गेलं, विषय संपला. जमिनीखाली कोणता पाइप कुणाला जोडला आहे हे फरशी बसल्यावर कुणाला दिसणार?

काकांनी आम्हाला अशी तोंडं वाचायला शिकवलं. राखाडी, दुधट पाणी आणि पाइपच्या तळाशी करड्या रंगाची लोंबती बुरशी असेल तर ते सांडपाणी. पांढराशुभ्र, सुगंधी फेस साबणाचा. पिवळसर, मातीच्या वासाचा फेस मात्र कुजलेल्या पानांचा असू शकतो आणि त्यात काळजीचं काही नसतं. पाण्यावर इंद्रधनुषी तवंग दिसला की सगळे तेल तेल म्हणून ओरडतात. अशा वेळी एक काडी घ्यायची आणि तवंगातून ओढायची. तवंग तडे गेल्यासारखा फुटून त्याचे तुकडे वेगळेच राहिले तर तो लोहजीवाणूंचा, नैसर्गिक. काडीमागे फिरून पुन्हा एकत्र झाला तर तेल. मुलांना ही काडीची परीक्षा फार आवडते. मलाही आवडते. महागड्या उपकरणाशिवाय, जागच्या जागी, नदीबद्दल खात्रीचं काही सांगता येतं याचं समाधान वेगळंच असतं.

त्या पाइपची आम्ही तक्रार केली. फोटो, दिवस, वेळ, सगळं लिहून दिलं. संबंधित कार्यालयातून उत्तर आलं की असा पाइप त्यांच्या नकाशावर नाही. मला राग आला, पण काका शांतपणे म्हणाले, “नसेलही. आपण नकाशा करू.” तेव्हापासून वहीत प्रत्येक तोंडाची नोंद आहे: कुठे आहे, केवढं आहे, कोरड्या दिवसांत वाहतं का, रंग कसा, वास कसा. वही कार्यालयात दाखवली तेव्हा तिथल्या एका तरुण अभियंत्याने ती खाली बसून, पान न् पान उलटत वाचली. पुढच्या खेपेला तो आमच्याबरोबर चालायला आला. त्याने दोन जोडण्या स्वतः शोधल्या आणि बंद करवल्या.

याच वहीमुळे आम्ही नदी सोडून ओढ्याकडे वळलो. पाइपांच्या नोंदी मांडून पाहिल्या तर सर्वांत घाण पाणी नदीच्या काठावरून येतच नव्हतं. ते एका ओढ्याच्या मुखातून येत होतं. हा ओढा बहुतेक ठिकाणी स्लॅबखाली गेलेला आहे. वरून रस्ता जातो, गाड्या उभ्या राहतात. इथे ओढा आहे हे तिथल्या रहिवाशांनाही सांगावं लागतं.

नदीचं जाळं कसं असतं हे रॉबर्ट हॉर्टन या जलशास्त्रज्ञाने १९४५ मध्ये क्रम लावून दाखवलं, आणि पुढे आर्थर स्ट्राहलर यांनी ती पद्धत सोपी केली. ज्याला वरून कुणी येऊन मिळत नाही तो पहिल्या क्रमाचा प्रवाह. असे दोन मिळाले की दुसऱ्या क्रमाचा, दुसऱ्या क्रमाचे दोन मिळाले की तिसऱ्या. या हिशेबाने पाहिलं तर नदीच्या जाळ्याची दोन तृतीयांशाहून जास्त लांबी या वरच्या, नाव नसलेल्या, उडी मारून ओलांडता येतील अशा ओहोळांचीच भरते. पुलावरून दिसते ती नदी म्हणजे या सगळ्यांची बेरीज. ओहोळ बुजले, झाकले, सांडपाण्याला दिले, तर बेरजेत काय येणार?

ओढ्याच्या पाणलोटातली साधारण दहाएक टक्के जमीन छपरं, डांबर आणि फरशी यांनी झाकली गेली की ओढ्याची तब्येत ढासळू लागते, असं ठिकठिकाणच्या अभ्यासांत आढळलं आहे. दहा टक्के म्हणजे फार नव्हे. पाऊस जमिनीत मुरायचा तो आता एकदम ओढ्यात उतरतो, तळ खरवडतो, आणि पाऊस संपला की ओढा कोरडा, कारण मुरलेलं पाणीच नाही. शिवाय रस्ता धुऊन येणारं पाणी बरोबर काय काय आणतं! अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात कोहो सॅमन अंडी घालायला ओढ्यात चढायचे आणि पावसानंतर काही तासांत मरून पडायचे. वर्षानुवर्षं कारण कळत नव्हतं. २०२० साली शास्त्रज्ञांनी ते शोधलं: टायरचं रबर लवकर चिरू नये म्हणून त्यात घातलेलं एक रसायन ओझोनच्या संपर्कात आल्यावर दुसऱ्याच विषारी रूपात बदलतं, टायरच्या झिजेबरोबर रस्त्यावर पडतं आणि पावसाबरोबर ओढ्यात जातं. मोटारीने नदीवर फिरायला जाणाऱ्या आपण सगळ्यांनी ही गोष्ट माहीत करून घ्यायला हवी.

झाकलेला ओढा उघडायचा म्हटलं की दक्षिण कोरियातल्या सोल शहराच्या चोंगेचॉन ओढ्याचं नाव निघतं. तिथे ओढ्यावर रस्ता आणि त्यावर उंच उड्डाणमार्ग होता. तो पाडून २००५ मध्ये सुमारे सहा किलोमीटरचा प्रवाह खुला केला गेला. शहराच्या मध्यभागी गारवा आला, माणसं पाण्याकाठी बसू लागली, आणि रस्ता पाडूनही शहर ठप्प होत नाही हे सिद्ध झालं. याचं मला कौतुक आहेच. पण त्यातलं बहुतेक पाणी हान नदीतून आणि भुयारी रेल्वेच्या स्थानकांत झिरपणाऱ्या भूजलातून पंपाने आणून सोडलेलं असतं. पंप बंद पडला तर ओढा बंद पडेल. मला जर्मनीतल्या म्युनिकच्या इजार नदीचं काम जास्त पटतं. २००० ते २०११ या काळात शहरातल्या आठ किलोमीटरच्या पट्ट्यात काठाचे बांध काढले, पात्र रुंद केलं, गोटे आणि वाळू यांना हवं तसं सरकू दिलं. नदीला पसरायला जागा मिळाल्यामुळे पूर सामावण्याची ताकद वाढली. तिथे माणसाने आकार ठरवून दिला नाही, जागा दिली आणि बाकीचं नदीवर सोडलं.

आणि फ्लोरिडातली किसिमी. पूर नको म्हणून १९६२ ते १९७१ मध्ये वळणावळणाने सुमारे १६६ किलोमीटर वाहणारी ही नदी सरळ करून ९० किलोमीटरचा कालवा केला गेला. काठच्या पाणथळ जागा आटल्या. हिवाळ्यात येणारी बदकं नव्वद टक्क्यांहून जास्त घटली. मग तेच काम उलट करायचं ठरलं: कालवा पुन्हा मातीने भरायचा आणि जुन्या वळणांत पाणी सोडायचं. त्याची बांधकामं १९९९ मध्ये सुरू झाली आणि २०२१ मध्ये पूर्ण झाली, तीही नदीच्या एका भागापुरती. सरळ करायला नऊ वर्षं, थोडी वळणं परत द्यायला बावीस. पात्र सरळ करण्याचा, तळाला फरशी घालण्याचा कुठलाही प्रस्ताव ऐकला की हे दोन आकडे मला सगळ्यांसमोर मांडावेसे वाटतात.

सुटीच्या दिवशीच्या सफाईबद्दल मी अजून काही म्हटलं नाही. आम्हीही कचरा उचलतो आणि तो उचलायलाच हवा. पण उचलण्याआधी मोजतो. १९८६ मध्ये टेक्ससच्या किनाऱ्यावर सुरू झालेल्या आणि पुढे जगभर पसरलेल्या किनारा सफाईच्या मोहिमेने ही सवय लावली: प्रत्येकाच्या हातात नोंदीचा कागद. अशा नोंदींमुळेच कळलं की संख्येने सर्वांत जास्त सापडणाऱ्या वस्तूंमध्ये सिगारेटची थोटकं वर्षानुवर्षं आघाडीवर आहेत. त्यांचा तो कापसासारखा दिसणारा भाग कापूस नसून प्लॅस्टिकचाच एक प्रकार असतो. गोणी भरून नेली की काठ एक दिवस छान दिसतो. नोंद केली तर कोणती वस्तू कुठून येते ते कळतं आणि तिथे जाऊन बोलता येतं.

काय उचलायचं नाही, यावर आमच्यात वाद होतात आणि ते व्हायलाच हवेत. मागच्या पुरात एक मोठं झाड पात्रात आडवं पडलं. निम्म्या लोकांचं म्हणणं होतं, कापून काढू, घाण दिसतं. मी ठेवण्याच्या बाजूने होते. आडव्या खोडाखालून पाणी जोरात जातं आणि तळ खोल करतं. तिथे डोह होतो. खोडाच्या मागे वाळू साचते, पानं अडकतात, आणि ती पानं खाणारे किडे हे ओढ्यातल्या सगळ्या अन्नसाखळीचा पाया असतात. शेवटी ठरलं की पुलाच्या कमानीकडे वाहून जाऊन अडकू शकतील अशा फांद्या छाटायच्या, खोड तसंच ठेवायचं. आता त्याच्या आडोशाला उन्हातही मासे दिसतात.

जलपर्णीचंही तसंच. ती मूळची दक्षिण अमेरिकेतली; साथ मिळाली तर एक-दोन आठवड्यांत दुप्पट होते, आणि तिला साथ देतो तो सांडपाण्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस. ती काढायलाच हवी, कारण खाली उजेड पोचत नाही आणि पाणी गुदमरतं. पण काढून काठावरच ढीग लावला तर कुजून तिचं सत्त्व पुन्हा नदीतच उतरतं. दूर नेऊन खत केलं तरच नदीवरचा भार कमी होतो, आणि वरून सांडपाणी येणं थांबलं नाही तर पुढच्या हंगामात ती परत हजर.

तर सध्या आमचं सगळं लक्ष त्या झाकलेल्या ओढ्यावर आहे. एका मैदानाच्या कडेने त्याचा लहानसा तुकडा उघडा करता येईल, असं तरुण अभियंत्याचंही मत आहे. रहिवाशांना वासाची आणि डासांची भीती वाटते. त्यांची भीती खरी आहे. वास सांडपाण्याचा आहे, आणि डास साचलेल्या पाण्यात होतात, ते त्या स्लॅबखालच्या अंधाऱ्या डबक्यांतही होत असणारच. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी सांडपाण्याच्या जोडण्या शोधून तोडायच्या, मग स्लॅब काढायचा. उलटं केलं तर लोक पुन्हा झाका म्हणतील आणि त्यांना दोष देता येणार नाही.

जोडण्या शोधायची रीत काकांना तोंडपाठ आहे. फ्लोरेसिन नावाचा हिरवा, निरुपद्रवी रंग चिमूटभर घेऊन एकेका इमारतीच्या मोरीत किंवा न्हाणीघरात ओतायचा, वर बादलीभर पाणी सोडायचं, आणि तो कुठल्या तोंडातून बाहेर येतो ते बघायचं. सांडपाण्याच्या वाहिनीत दिसला तर ठीक. ओढ्यात दिसला तर ती जोडणी चुकीची. परवानगी मिळाली आहे, तीन इमारतींनी होकार दिला आहे, चौथीतल्या एक आजी म्हणाल्या की आधी माझ्या मोरीपासून सुरुवात करा. येत्या रविवारी मी आजींच्या घरी रंग ओतायला असेन, मुलं मधल्या दोन झाकणांपाशी अभियंत्याबरोबर, आणि काका खाली ओढ्याच्या मुखाशी. त्यांनी सगळ्यांना बजावून ठेवलं आहे: रंग यायला कधी कधी अर्धा तास लागतो, तोवर कुणीही आपली जागा सोडायची नाही, आणि दिसल्याची वेळ लगेच वहीत लिहायची.